बारीक व्यासाचे इम्प्लांट कायमच्या दातांसाठी चालतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मिनी इम्प्लांट’ म्हणजे नेमका किती बारीक?

नेहमीच्या इम्प्लांटचा, म्हणजे दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूचा, व्यास साधारण ३.७५ ते ४.५ मिमी असतो, दाढेच्या जागी ५ मिमीचाही बसवतात. ३.५ मिमी आणि त्याहून कमी व्यासाचे ते बारीक. मात्र या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि बरेचसे गैरसमज तिथेच सुरू होतात.

३.३ ते ३.५ मिमीचा इम्प्लांट नेहमीच्याच जातीचा असतो. हाडात बसणारा स्क्रू वेगळा आणि त्यावर कसला जाणारा, दाताला धरणारा जोड (अबटमेंट) वेगळा, असे त्याचे दोन भाग. २.५ ते ३.३ मिमीमधले मुख्यतः पटाशीच्या अरुंद जागांसाठी असतात. २.५ मिमीपेक्षा बारीक, म्हणजे १.८, २.१, २.४ मिमी, हे खरे मिनी. ते एकसंध असतात: हाडातला स्क्रू आणि हिरडीबाहेर दिसणारं डोकं एकाच तुकड्याचं. बहुतेक वेळा हे डोकं छोट्या गोळीसारखं गोल असतं आणि कवळी त्यावर टिचकन बसते. इतक्या बारीक स्क्रूला शुद्ध टायटेनियमची ताकद पुरत नाही, म्हणून त्यात सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू वापरतात. ३.३ मिमीच्या काही इम्प्लांटसाठी टायटेनियम-झिर्कोनियमचा मिश्रधातूही मिळतो.

दवाखान्यात ‘मिनी’ हा शब्द ऐकलात की आधी दोन गोष्टी विचारा: व्यास किती, आणि एक तुकडा की दोन? पुढची सगळी चर्चा या दोन उत्तरांवर अवलंबून आहे.

दात सरळ करताना लावतात तो मिनी स्क्रू हाच का?

नाही. तो काम झालं की काढून टाकायचा असतो. दिसायला सारखा असला तरी दोघांचा संबंध नाही.

मिनी इम्प्लांट फक्त तात्पुरते असतात असं ऐकलंय. खरं का?

सुरुवात तशीच झाली. स्वीडनमधल्या ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटेनियमचे इम्प्लांट बसवले. त्या पद्धतीत हाड धरेपर्यंत काही महिने थांबावं लागे. मधल्या काळात तात्पुरत्या दातांना आधार म्हणून बारीक स्क्रू वापरले जाऊ लागले. पुढे ते काढायची वेळ आली तेव्हा दिसलं की त्यांनाही हाडाने घट्ट धरलंय. तिथून त्यांचा कायमसाठी वापर सुरू झाला.

२०१८ साली आयटीआय या आंतरराष्ट्रीय इम्प्लांट संस्थेच्या तज्ज्ञगटासाठी उपलब्ध अभ्यासांचं संकलन झालं. त्यात २.५ मिमीपेक्षा बारीक इम्प्लांट टिकण्याचं प्रमाण सरासरी ९५ टक्क्यांच्या आसपास आणि त्यावरच्या दोन गटांचं ९७ टक्क्यांच्या आसपास निघालं. आकडा चांगला आहे, पण तो सावधपणे वाचायला हवा. अनेक अभ्यासांचा पाठपुरावा काही वर्षांपुरताच असतो, वीस वर्षांचा नव्हे. शिवाय ‘टिकला’ याचा अर्थ तोंडात आहे एवढाच. त्याभोवतीचं हाड किती झिजलं, कवळी किती वेळा दुरुस्त करावी लागली, हे त्यात येत नाही. आणि या अभ्यासांतले सर्वांत बारीक इम्प्लांट बहुतांशी कवळीखाली, गटाने बसवलेले होते. एकट्या दाढेच्या जागी बसवलेल्या मिनीला तोच आकडा लावणं चुकीचं आहे.

माझं हाड ‘अरुंद’ आहे असं सांगितलं. म्हणजे किती?

दात काढल्यावर हाड पहिल्या वर्षभरातच भराभर आटतं, आणि उंचीपेक्षा रुंदी जास्त जाते. रुंदीचा साधारण निम्मा भाग वर्षभरात जाऊ शकतो, त्यातलाही मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांत. म्हणून दहा वर्षांपूर्वी दाढ काढलेल्या माणसाच्या जबड्याची कड सुरीच्या पातीसारखी झालेली असते.

हिशेब सोपा आहे. इम्प्लांटच्या ओठाकडच्या आणि जिभेकडच्या बाजूला प्रत्येकी किमान १ मिमी हाड उरायला हवं, पुढच्या दातांत ओठाकडे त्याहून जास्त असेल तर बरं. कड ५ मिमी रुंद असेल आणि ४ मिमीचा इम्प्लांट घातला, तर दोन्हीकडे अर्धा-अर्धा मिमीच उरतो. इतकी पातळ भिंत आटते आणि वर्षा-दोन वर्षांत हिरडीतून धातू दिसू लागतो. त्याच जागी २.४ मिमीचा घातला तर दोन्हीकडे १.३ मिमी राहतं. याशिवाय शेजारच्या नैसर्गिक दातापासून १.५ मिमी, दोन नेहमीच्या इम्प्लांटमध्ये ३ मिमी आणि खालच्या जबड्यातल्या नसेच्या वर २ मिमी जागा सोडायची असते.

ही मापं बोटाने चाचपून कळत नाहीत. जाड हिरडी हाडाची रुंदी फसवते. साध्या ओपीजी एक्स-रेत उंची दिसते, रुंदी दिसतच नाही. त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, लागतो. सीबीसीटीशिवाय कुणी बारीक इम्प्लांट सुचवत असेल, तर तो कशाच्या आधारावर, हे विचारायला संकोच करू नका.

बारीक म्हणजे कमजोर का?

वाकण्याच्या बाबतीत हो, आणि वाटतो त्याहून बराच जास्त. गोल दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ४ मिमीच्या इम्प्लांटशी तुलना केली तर २.४ मिमीचा ६० टक्के जाड आहे, पण त्याची ही ताकद जेमतेम २२ टक्के भरते. चांगला मिश्रधातू त्यातला काही फरक भरून काढतो, सगळा नाही. हाडाला चिकटणारा पृष्ठभाग मात्र व्यासाच्याच प्रमाणात घटतो, म्हणजे तो ६० टक्के राहतो.

त्यामुळे मिनी इम्प्लांटला उभा दाब सोसतो, आडवा ताण सोसत नाही. आडवा ताण रोज हजारो वेळा आला की धातू थकतो आणि एके दिवशी मोडतो. तार मागे-पुढे वाकवून तोडतो ना, तसंच.

मग चालतो कुठे आणि नाही कुठे?

खालचे पुढचे चार दात आणि वरच्या जबड्यात मधल्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा छोटा दात, इथे ३ मिमीच्या आसपासचा इम्प्लांट उत्तम बसतो. या जागा मुळातच ५-६ मिमीच्या असतात, जाड इम्प्लांट घातला तर शेजारच्या दातांच्या मुळांना खेटतो. काही मुलांना तो वरचा छोटा दात जन्मतःच नसतो. त्यांनी मात्र जबड्याची वाढ थांबेपर्यंत थांबायचं. इम्प्लांट हाडात जिथल्या तिथे राहतो आणि शेजारचे दात वाढीबरोबर खाली येतात, त्यामुळे घाईने बसवलेला दात काही वर्षांत आखूड दिसू लागतो. तोपर्यंत मेरीलँड ब्रिज, म्हणजे शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला कृत्रिम दात, हा चांगला मधला उपाय आहे.

खालची पूर्ण कवळी धरून ठेवणं हे मिनीचं सर्वांत भरवशाचं काम.

एकट्या दाढेच्या जागी २.५ मिमीपेक्षा बारीक इम्प्लांट आम्ही सुचवणार नाही. चावण्याचा सर्वाधिक जोर तिथेच येतो आणि दाढेची कॅप इम्प्लांटपेक्षा चौपट रुंद असते. कॅपच्या कडेवर शेंगदाणा आला की सगळा जोर आडवा जातो. एका दाढेखाली दोन बारीक इम्प्लांट घालतात, त्यामागचं यंत्रशास्त्र बरोबर आहे, पण दोहोंमधली फट साफ करणं अवघड जातं. रात्री दात खाण्याची सवय असेल तर पुढच्या दातांतही दहादा विचार करावा आणि नाइट गार्ड नक्की घ्यावं.

आईची खालची कवळी जेवताना उचलते. चार मिनी पुरतील?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

खालच्या जबड्यात किमान चार, वरच्या जबड्यात किमान सहा. वरचं हाड मऊ असतं, तिथे मिनी निकामी होण्याचं प्रमाण जास्त आहे. त्यामुळे वरच्या कवळीचा टाळूचा भाग कापून टाकण्याची हौस करू नये. खालचे चार हनुवटीच्या भागात बसतात. उपदाढांच्या मुळांखाली जबड्याला एक छोटं भोक असतं, तिथून ओठाला संवेदना देणारी नस बाहेर पडते. बाहेर येण्याआधी ती थोडी पुढे वळसा घेते, म्हणून शेवटचा इम्प्लांट त्या भोकाच्या ५ ते ७ मिमी पुढे ठेवतात. आपापसात ५ मिमी किंवा त्याहून जास्त अंतर असतं, कारण गोळ्यांवर चढणाऱ्या, कवळीत बसणाऱ्या धातूच्या टोप्यांनाही जागा लागते.

पण त्याआधी हाड मोजा. कड ६ मिमी किंवा जास्त रुंद असेल तर आम्ही नेहमीच्या व्यासाचे दोन इम्प्लांट सुचवू. २००२ साली मॅकगिल विद्यापीठात भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय मानावा असं म्हटलं, ते अशाच इम्प्लांटबद्दल. त्यात वरचा जोड झिजला तर तेवढा बदलता येतो. एकसंध मिनीची गोळी झिजली किंवा वाकली तर आख्खा इम्प्लांट बाद होतो. चार मिनी खरे उपयोगी पडतात ते कड अरुंद असते तेव्हा, आणि हाड भरण्याची शस्त्रक्रिया व त्यानंतरचं चार-सहा महिन्यांचं थांबणं वय किंवा आजारपणामुळे नको असतं तेव्हा.

बसवताना नक्की काय करतात?

भूल दिल्यावर, हाडाची रुंदी पुरेशी असल्याची खात्री असेल तर हिरडी न कापता थेट काम होतं. १.१ ते १.२ मिमीच्या ड्रिलने, सलाइनचं पाणी सोडत, छोटं भोक पाडतात. हे भोक इम्प्लांटच्या पूर्ण लांबीचं नसतं. मऊ हाडात वरचं कडक कवच फोडण्यापुरतं, कडक हाडात साधारण निम्म्या लांबीपर्यंत. पुढची वाट इम्प्लांट स्वतः आटे पाडत काढतो. आधी बोटांनी, मग पंखाच्या चावीने, शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे फिरवण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, तो आत जातो. पाणी महत्त्वाचं, कारण हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी मरतं.

शेवटी ३५ न्यूटन सेंटिमीटर किंवा जास्त पकड आली तर त्याच दिवशी कवळी टोप्यांसह जोडता येते. कमी आली तर कवळीत मऊ अस्तर भरून तीन-चार महिने थांबायचं. ‘एका दिवसात दात’ ही जाहिरात या ‘तर’वर उभी आहे, आणि तो ‘तर’ इम्प्लांट आत गेल्याशिवाय कळत नाही.

हनुवटीचं हाड काही जणांत फार कडक असतं. तिथे इम्प्लांट अडला की जोर लावायचा नसतो. तो उलटा फिरवून काढायचा, भोक दोन-तीन मिमी खोल करायचं आणि पुन्हा घालायचा. इथे घाई झाली तर तो हाडातच मोडतो.

मग टोप्या कवळीत बसवायच्या. गोळ्या कवळीला कुठे टेकतात ते खुणेच्या शाईने पाहून तिथे खाचा करतात. प्रत्येक गोळीच्या मानेभोवती रबराचं छोटं आवरण घालून खालची फट बंद करतात, टोप्या चढवतात, खाचांत पातळ ॲक्रिलिक भरून कवळी घालतात आणि रुग्णाला नेहमीसारखे दात मिटून बसवतात. आवरण विसरलं तर ॲक्रिलिक गोळीच्या खाली वाहतं, तिथे घट्ट होतं आणि कवळी तोंडात कुलूप लागल्यासारखी अडकते. मग ती तोंडातच कापून काढावी लागते.

काय काय बिघडतं?

सगळ्यात जास्त बिघडते ती टोपीतली रबरी ओ-रिंग. ती झिजणारच, साधारण सहा महिने ते वर्षभरात बदलावी लागते. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. कवळी ढिली झाली म्हणजे इम्प्लांट गेला, असं समजून घाबरू नका.

दुसरं बिघाडाचं कारण रुग्णाच्या लक्षात येत नाही. मिनी इम्प्लांट कवळी धरून ठेवतात, जेवणाचं वजन मात्र मागची हिरडी उचलते. मागचं हाड वर्षानुवर्षं आटत राहतं, कवळी मागे खचते आणि पुढच्या इम्प्लांटवर सी-सॉसारखी झुलते. इथेच आडवा ताण येतो, हाड झिजतं, कधी इम्प्लांट मोडतो. घरी तपासता येतं: कवळी बसवून मागच्या दाढेवर बोटाने दाबा. पुढचा भाग उचलला तर कवळीचं अस्तर नव्याने भरायची वेळ झाली.

याशिवाय टोप्यांसाठी पोखरलेली कवळी मधोमध तडकते, विशेषतः जुनी आणि पातळ असेल तर. एकट्या दातावर कॅप चिकटवताना जास्तीचं सिमेंट हिरडीखाली राहिलं तर हिरडी सुजते, पू होतो, हाड झिजतं. एकसंध इम्प्लांटमध्ये कॅप सहसा सिमेंटनेच बसते, त्यामुळे हा धोका त्याला जास्त.

दोन गोष्टींत थांबू नका. भूल उतरल्यावरही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि जिभेखाली फुगवटा येऊन जीभ वर उचलली जाऊ लागली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर ड्रिल आतल्या भिंतीतून जाऊन रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. अशा वेळी दवाखान्यात फोन लावत बसू नका, १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.

मधुमेह, तंबाखू, हाडांची औषधं?

मधुमेह असला म्हणून इम्प्लांट होत नाही असं नाही. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७ च्या आसपास असेल तर पुढे जाता येतं, ८ च्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणणं शहाणपणाचं.

तंबाखूबद्दल विचारलं की ‘सोडलाय’ म्हणतात आणि मिशरी सांगायची राहते. मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि ती बरोबर हिरडीवरच घासली जाते. आजी-आई मिशरी लावत असतील तर ते आधी सांगा. गुटखा-सुपारीने तोंड कमी उघडत असेल तर ड्रिल आणि रेंच मागे पोहोचतच नाहीत.

हाडं ठिसूळ होतात म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदाचं झोलेड्रॉनिक ॲसिडचं किंवा सहा महिन्यांनी एकदाचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल किंवा पूर्वी घेतलं असेल, तर डॉक्टरांना नाव आणि किती वर्षं हे सांगा. जबड्याचं हाड न भरून येण्याचा धोका त्यात असतो. कॅन्सरसाठी जबड्याला रेडिएशन झालं असेल तर हीच गोष्ट. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

बसवल्यावर काय खायचं?

पहिला आठवडा मऊ भात, वरण, मेतकूट, पेज, ताक. दुसऱ्यापासून पोळी कुस्करून, भाकरी दुधात किंवा आमटीत. भाकरवडी, चिक्की आणि सिंहगडावरचं भाजलेलं कणीस दोन-तीन महिने नाही. कणीस तर नंतरही पुढच्या दातांनी तोडू नका, दाणे सोलून खा. हाडाची पहिली पकड स्क्रूच्या आट्यांची असते. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात ती ढिली होऊ लागते आणि नवं हाड अजून पुरतं तयार झालेलं नसतं. दुखत नाही म्हणून नेमकं त्याच दिवसांत लोक चकली फोडायला घेतात.

सफाई कशी?

गोळीच्या मानेभोवती मऊ ब्रशने रोज दोनदा, कवळी काढून. दातांमधला छोटा ब्रश वापरत असाल तर तारेवर प्लास्टिकचं आवरण असलेला घ्या, उघडी तार टायटेनियमला ओरखडते. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा. गरम पाण्यात ती वाकते आणि टूथपेस्टने खरवडते, घासायला साबण बरा.

खर्च विचारताना काय विचारावं?

‘एका इम्प्लांटचे किती’ हा आकडा फसवा आहे. लेखी अंदाजात सीबीसीटी, इम्प्लांटची संख्या आणि कंपनी, टोप्या व ओ-रिंग, जुनी कवळी वापरणार की नवी, अस्तर, आणि पहिल्या दोन वर्षांच्या तपासण्या हे सगळं वेगळं लिहून घ्या. कधी चार मिनींची बेरीज दोन नेहमीच्या इम्प्लांटच्या जवळ जाते. एखादा मिनी निकामी झाला तर पुन्हा पैसे लागतील का, हेही आधीच विचारा. आरोग्यविम्यात दातांचे असे उपचार सहसा बसत नाहीत.

पुण्यात दुसरं मत कुठे घ्यावं?

धनकवडीतलं भारती विद्यापीठाचं, पिंपरीतलं डी. वाय. पाटील आणि कॅम्पातलं रंगूनवाला ही दंत महाविद्यालयं आहेत. तिथल्या कवळी-कॅपच्या विभागात, म्हणजे प्रोस्थोडोन्टिक्समध्ये, सीबीसीटीची फाइल घेऊन जा. फक्त छापील फिल्म नेऊ नका, कारण रुंदी कुठल्या छेदावर मोजायची हे बघणाऱ्याला स्वतः ठरवता यायला हवं. महाविद्यालयात खर्च कमी, पण फेऱ्या जास्त. पिंपरीहून धनकवडीला जायचं असेल तर तो हिशेबही धरा. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते.

पुढे एमआरआय करावा लागला तर?

टायटेनियम चुंबकाला ओढला जात नाही, एमआरआय करता येतो. जबड्याजवळचा भाग थोडा अस्पष्ट येऊ शकतो. कवळी, टोप्यांसकट, आधी काढून ठेवा आणि तंत्रज्ञाला सांगा. त्यासाठीच इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्या. कंपनी, व्यास, लांबी आणि बॅच क्रमांक त्यावर असतो. दहा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला योग्य मापाची ओ-रिंग शोधायची असेल, तेव्हाही तेच स्टिकर लागतं. कवळीच्या डबीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा.